नेपाळची सीमा: वर डोंगरधार, खाली खांब, दोन टोकांना नद्या

उत्तर बिहारमध्ये भातशेतीच्या बांधावर मधूनच एक पांढरा खांब दिसतो. एका अंगाला भारताचं नाव, दुसऱ्या अंगाला नेपाळचं आणि एक क्रमांक. या खांबापासून दोन्हीकडे दहा-दहा गज, म्हणजे तीस-तीस फूट जमीन मोकळी ठेवायची असते. तिला तिथले लोक ‘दसगजा’ म्हणतात. तिथे नांगर घालायचा नाही, झाड लावायचं नाही, भिंत उभारायची नाही, असा नियम आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत दसगज्यात गोठे उभे आहेत, पेंढ्याच्या गंजी रचलेल्या आहेत, कुठे अख्खी घरंही आहेत. कुंपण नाही. अलीकडच्या गावातली मुलगी पलीकडे दिलेली असते आणि पलीकडचा मजूर लावणीला अलीकडे येतो.

हाच देश उत्तरेला चीनला भिडतो तिथे मात्र बहुतेक ठिकाणी गावं नाहीत, शेतं नाहीत, शेकडो किलोमीटर बर्फ आणि खडक आहे. आणि पूर्व-पश्चिम टोकांना सीमा बऱ्याच ठिकाणी म्हणजे चक्क वाहतं पाणी. पूर्वेला मेची, पश्चिमेला महाकाली.

नेपाळची सीमा समजून घ्यायची तर हे तीन प्रकार आधी वेगळे करावे लागतात: डोंगराची धार, मैदानातले खांब आणि नदी. प्रत्येक प्रकार वेगळ्या काळात, वेगळ्या कारणाने आला. प्रत्येकाचं दुखणंही वेगळं आहे. बातम्यांमध्ये येणारे सुस्ता, कालापानी यांसारखे वाद जवळजवळ सगळे नदीच्या प्रकारातले आहेत आणि त्याला कारण आहे.

आधी जमीन पाहू

नेपाळ पूर्व-पश्चिम साधारण 885 किलोमीटर लांब आणि दक्षिणोत्तर सरासरी 193 किलोमीटर रुंद आहे. मुंबई-पुणे रस्त्याच्या अंतरापेक्षा थोडीच जास्त ही रुंदी. पण एवढ्या अंतरात समुद्रसपाटीपासून जेमतेम 60-70 मीटर उंचीच्या शेतांपासून 8,848.86 मीटरच्या सगरमाथ्यापर्यंत, म्हणजे एव्हरेस्टपर्यंत चढण आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटरचं. काठमांडू खोऱ्याचा सपाट तळच सुमारे 1,350 मीटरवर आहे आणि नेपाळमध्ये त्याला ‘पहाड’ म्हणत नाहीत, खोरं म्हणतात.

दक्षिणेकडून वर जाताना पहिला पट्टा तराईचा. गंगेच्या मैदानाचाच तो उत्तरेकडचा काठ आहे. मग चुरे टेकड्या, ज्यांना आपण शिवालिक म्हणतो. या तरुण, ठिसूळ टेकड्या पावसात सहज ढासळतात. त्यांच्या मागे चितवन, दांग यांसारखी सपाट खोरी, त्यामागे महाभारत पर्वतरांग, मग पोखरा-काठमांडूचा मधला डोंगराळ पट्टा आणि शेवटी हिमाल. देशाच्या क्षेत्रफळात तराईचा वाटा साधारण 17 टक्के. पण 2021 च्या जनगणनेनुसार निम्म्याहून जास्त लोक तिथे राहतात. हे चित्र अलीकडचं आहे. 1950 च्या दशकापर्यंत तराईच्या बऱ्याच भागात घनदाट जंगल होतं आणि जीवघेणा मलेरिया होता. डासांवर फवारणी सुरू झाली, मलेरिया आटोक्यात आला, तशी डोंगरातली माणसं खाली उतरू लागली. सीमेवरची जमीन एकाएकी आणखी मोलाची झाली ती तेव्हा. त्याआधी दसगज्यात कोणी घर बांधायचा प्रश्न फारसा नव्हता.

आता एक गोष्ट जरा सावकाश समजून घेण्यासारखी आहे. नकाशावर पाहताना वाटतं की उत्तरेची सीमा हिमालयाच्या सर्वांत उंच शिखरांवरून जात असेल. सगरमाथ्यावरून ती जाते, हे खरं. पण धौलागिरी (8,167 मीटर) आणि अन्नपूर्णा (8,091 मीटर) ही दोन्ही शिखरं पूर्णपणे नेपाळच्या आत आहेत आणि त्यांच्या उत्तरेला मुस्तांग नावाचा कोरडा, तिबेटसारखा दिसणारा मुलूखही नेपाळचाच आहे. कारण सीमा शिखरांनी ठरत नाही, पाणलोटाने ठरते. पाऊस पडला तर पाणी कुठल्या बाजूला वाहील, ती धार म्हणजे पाणलोट. काली गंडकी मुस्तांगच्या उत्तर टोकाला उगम पावते आणि त्या दोन महाकाय डोंगरांमधून आरपार दक्षिणेला येते. हिमालय वर उचलला जात असतानाही अशा नद्या वाहतच राहिल्या आणि जितका डोंगर वर आला तितका त्या कापत गेल्या. त्यामुळे इथला पाणलोट शिखरांच्या मागे, कोरला खिंडीपाशी आहे.

उलटही घडतं. अरुण, भोटेकोशी, त्रिशूली आणि कर्णाली या नद्यांचं पाणी तिबेटमधूनच येतं. तिथे सीमा पाणलोटावर नसून नदीच्या घळीत आडवी आहे. तातोपानी आणि रसुवागढी ही चीनकडची दोन मोठी नाकी अशाच घळींत आहेत. उंची कमी, म्हणून रस्ता नेता येतो. घळ अरुंद, म्हणून तो टिकत नाही. 25 एप्रिल 2015 च्या 7.8 क्षमतेच्या भूकंपानंतर तातोपानी नाकं काही वर्षं बंद पडलं. 8 जुलै 2025 रोजी रसुवागढीचा मितेरी पूल पुरात वाहून गेला.

मुलूख वाढला, मग आकसला

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘नेपाळ’ म्हणजे काठमांडूचं खोरं. तिथे काठमांडू, पाटण आणि भक्तपूर अशी तीन मल्ल राज्यं होती. पश्चिमेला डोंगरात बाईसी आणि चौबीसी म्हणून ओळखली जाणारी छोटी-छोटी राज्यं होती. बाईसी म्हणजे बावीस आणि चौबीसी म्हणजे चोवीस, तरी मोजदाद नेमकी होतीच असं नाही. त्यांतलंच एक गोरखा. 1743 मध्ये तिथल्या गादीवर पृथ्वीनारायण शाह बसले.

त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी खोऱ्यावर थेट चाल केली नाही. 1744 मध्ये नुवाकोट घेतलं, कारण तिबेटचा व्यापारी रस्ता तिथून जायचा. मग आजूबाजूचे नाके एकेक करून घेत खोऱ्याची रसद तोडली. 1767 मध्ये मल्लांच्या मदतीला निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची कॅप्टन किनलॉकची तुकडी खोऱ्यात पोहोचण्याआधीच सिंधुलीत थोपवली गेली. पाऊस, मलेरिया आणि धान्याची टंचाई यांनीही तिला जेरीस आणलं होतं. 1768 मध्ये काठमांडू आणि पाटण पडलं, 1769 मध्ये भक्तपूर. आपलं राज्य म्हणजे दोन धोंड्यांमधला कंद आहे, असं पृथ्वीनारायण म्हणायचे. एक धोंडा चीनचा, दुसरा हिंदुस्थानातल्या सत्तेचा. नेपाळचं परराष्ट्र धोरण आजही याच वाक्यापासून सुरू होतं.

त्यांच्यानंतर गोरखा सैन्य थांबलं नाही. पूर्वेला सिक्कीममधून तिस्तेपर्यंत, पश्चिमेला 1790 च्या सुमारास कुमाऊं, 1804 मध्ये गढवाल आणि पुढे सतलजपर्यंत. कांगड्याच्या किल्ल्याला त्यांनी वेढा घातला, पण 1809 मध्ये महाराजा रणजितसिंहांनी त्यांना सतलजच्या अलीकडे परत लोटलं. उत्तरेला तिबेटवर चाल केली तेव्हा चीनच्या चिंग सम्राटाचं सैन्य 1792 मध्ये थेट नुवाकोटच्या जवळ येऊन ठेपलं आणि तह करावा लागला. तिस्ता ते सतलज हा नेपाळचा सर्वांत मोठा विस्तार. तो फार तर दशकभर टिकला, तरी ‘बृहत् नेपाळ’च्या घोषणा आजही त्यावरूनच होतात.

पुढचा संघर्ष डोंगरात नाही, तराईत पेटला. बुटवल आणि स्यूराज इथल्या सुपीक जमिनीचा सारा कोणी वसूल करायचा, यावरून. 1814 मध्ये कंपनीने युद्ध पुकारलं. डेहराडूनजवळच्या नालापानीच्या छोट्या गढीत बलभद्र कुंवर यांनी इतका चिवट प्रतिकार केला की इंग्रजांचा सेनापती जनरल गिलेस्पी तिथेच मारला गेला. पण पश्चिमेकडून जनरल ऑक्टरलोनी एकेक ठाणं घेत आला आणि 2 डिसेंबर 1815 रोजी चंपारणमधल्या सुगौली इथे तहाच्या मसुद्यावर सह्या झाल्या. काठमांडू दरबाराने मान्यता द्यायला टाळाटाळ केली, म्हणून ऑक्टरलोनी मकवानपूरपर्यंत चढून आला आणि 4 मार्च 1816 रोजी तह पक्का झाला. त्या वेळचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज. नेपाळचं प्रकरण मिटवून तो मोकळा झाला आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच माणसाच्या कारकिर्दीत पेशवाई बुडाली. मराठी वाचकाने हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

सुगौलीच्या तहातली दोन कलमं आजच्या नकाशाची आई आहेत. तिसऱ्या कलमाने नेपाळने काली ते राप्ती, राप्ती ते गंडकी आणि गंडकी ते कोशी या नद्यांमधली तराई सोडली, शिवाय मेचीच्या पूर्वेचा मुलूखही. (ही राप्ती पश्चिमेकडची, चितवनमधली राप्ती वेगळी.) पाचव्या कलमाने कालीच्या पश्चिमेच्या मुलखावरचा हक्क सोडला. म्हणजे कुमाऊं गेलं, गढवाल गेलं. सिक्कीमकडून घेतलेला मेची-तिस्तेमधला भाग कंपनीने 1817 च्या तितालियाच्या तहाने सिक्कीमला परत दिला. दार्जिलिंग त्यातच येतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. सोडलेली सगळीच जमीन कायमची गेली नाही. चौथ्या कलमानुसार कंपनीला नेपाळी भारदारांना, म्हणजे दरबारी सरदारांना, वर्षाला 2 लाख रुपये तनखा द्यायचा होता. डिसेंबर 1816 मध्येच कोशी ते राप्ती पट्टा नेपाळला परत मिळाला आणि त्या बदल्यात तनखा रद्द झाला. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी शक्यतो सरळ रेषा आखावी, असं ठरलं. मैदानातले पहिले खांब या वेळचे.

राप्ती ते काली हा पश्चिमेकडचा तुकडा कंपनीने स्वतःकडे ठेवला नव्हता, कर्जापोटी अवधच्या नवाबाला दिला होता. 1856 मध्ये अवधच खालसा झालं. 1857 च्या उठावात नेपाळचे पंतप्रधान जंगबहादुर राणा स्वतः फौज घेऊन इंग्रजांच्या मदतीला उतरले, लखनौपर्यंत गेले. त्याची परतफेड म्हणून 1 नोव्हेंबर 1860 च्या तहाने हा पट्टा नेपाळला मिळाला. बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर हे आजचे चार जिल्हे. नेपाळमध्ये त्यांना अजून ‘नया मुलुक’ म्हणतात. आणि याच भागातून, राप्ती ओलांडून, 1858 च्या अखेरीस नानासाहेब पेशवे आणि बेगम हजरत महल नेपाळच्या हद्दीत शिरले होते. बेगम पुढे काठमांडूतच वारल्या. नानासाहेबांचं काय झालं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. ज्यांनी त्यांचा पाठलाग करणाऱ्यांना मदत केली, त्यांनाच त्या मदतीचं बक्षीस म्हणून तोच मुलूख मिळाला.

1860 नंतर दक्षिणेची रेषा ठोकळमानाने तीच आहे. एक अदलाबदल मात्र नोंदवायला हवी. 1920 मध्ये शारदा धरणासाठी बनबसाजवळ महाकालीच्या पूर्वेची सुमारे 4,000 एकर जमीन नेपाळने दिली आणि तेवढीच दुसरीकडे घेतली. म्हणून त्या टप्प्यात नदी म्हणजे सीमा हे समीकरण लागू पडत नाही. नकाशा वाचताना अनेकांची इथेच चूक होते.

उत्तरेचा हिशोब फार उशिरा झाला. तिबेटशी 1855-56 मध्ये युद्ध झालं, कुती आणि केरुंग ही तिबेटकडची ठाणी घेतली, तहात परत दिली. चीनशी मात्र रीतसर सीमा तह 5 ऑक्टोबर 1961 रोजी झाला, राजे महेंद्र बीजिंगला गेले तेव्हा. जिथे पारंपरिक वहिवाट स्पष्ट होती तिथे वहिवाट धरली, बाकी पाणलोट. कुरणं आणि वस्त्या अडकत होत्या तिथे देवाणघेवाण झाली. 1,400 किलोमीटरहून लांब या सीमेवर 79 क्रमांकांचे खांब पुरले. दक्षिणेला भारताशी असलेल्या साधारण 1,750 ते 1,880 किलोमीटर सीमेवर (दोन्ही देशांचं मोजमाप वेगळं आहे) खांबांची संख्या 8,000 च्या वर आहे. वर निसर्गाने रेषा काढून ठेवली आहे. खाली ती दर काही पावलांवर सांगावी लागते.

खांब कसा हरवतो, कसा सापडतो

तराईतले सर्वांत जुने मोठे खांब विटा-दगडांचे, जाडजूड. नेपाळमध्ये त्यांना ‘जंगे पिलर’ म्हणतात, जंगबहादुरांच्या नावावरून. दोन मोठ्या खांबांच्या मध्ये लहान खांब. एका खांबावर उभं राहिलं की पुढचा दिसावा, ही मूळ कल्पना. दोन खांबांच्या मधली रेषा सरळ धरायची.

खांब नाहीसा होण्याची कारणं साधी आहेत. पुरात पाया खचतो. गाळाखाली खांब गाडला जातो. विटा कोणीतरी चुलीला नेतो. शेतकरी दरवर्षी नांगराचा एकेक फाळ दसगज्यात सरकवतो आणि वीस वर्षांनी खांब त्याच्या वावराच्या मधोमध दिसू लागतो. मधला एक खांब गेला की दोन टोकांचे खांब जोडून रेषा काढली जाते. मूळ रेषेला तिथे वळण असेल तर तेवढी जमीन एका देशातून दुसऱ्यात गेल्यासारखी दिसते. गावातलं भांडण इथून सुरू होतं.

1981 मध्ये दोन्ही देशांची संयुक्त तांत्रिक समिती नेमली गेली. तिने 2007 पर्यंत काम करून सीमेच्या 182 पट्टी-नकाशांचा संच तयार केला. पट्टी-नकाशा म्हणजे फक्त सीमेलगतचा अरुंद पट्टा मोठ्या प्रमाणात दाखवणारा नकाशा. या नकाशांत साधारण 97-98 टक्के सीमा आली. सुस्ता आणि कालापानी हे दोन भाग बाजूला ठेवावे लागले. 2014 पासून नवा संयुक्त गट खांबांचं काम पाहतो.

प्रत्यक्ष शेतात काम असं चालतं. पावसाळा संपल्यावर दोन्हीकडचे सर्वेक्षक एकत्रच निघतात, एकट्या बाजूने खांबाला हात लावायचा नाही. पट्टी-नकाशावरून जागेचे अक्षांश-रेखांश घेतात, उपग्रहांवर चालणाऱ्या यंत्राने जमिनीवर तो बिंदू शोधतात, जवळच्या शाबूत खांबांपासून अंतर आणि कोन मोजून ताळा करतात. बिंदू दोघांना मान्य झाला की खुंटी ठोकायची, खांब उभारायचा किंवा दुरुस्त करायचा, दसगज्यातल्या अतिक्रमणाची यादी करायची, नोंदवहीवर दोघांच्या सह्या. पावसाला सुरुवात झाली की काम बंद, कारण तराईत पाणी भरतं. मोजणीचं काम तसं चोख होतं. अडतं ते घर उठवायची वेळ येते तेव्हा. तो निर्णय मोजणीदाराच्या हातात नसतो.

नदीला रेषा समजलं की काय होतं

नदी ही सीमा ठेवायची तर तीन गोष्टी आधी लिहून ठेवाव्या लागतात. एक, पात्रातली नेमकी कोणती रेषा: मध्यरेषा, सर्वांत खोल धारेची रेषा की काठ? दोन, नदीने पात्र बदललं तर सीमा तिच्याबरोबर जाणार की जुन्या जागी राहणार? तीन, वर नदीला फाटे फुटतात तिथे मुख्य नदी कोणती? सुगौलीच्या तहाने यांतलं एकही लिहिलं नाही. त्यात नद्यांची नावं आहेत. जोडीला नकाशा नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उदाहरण म्हणजे सुस्ता. हिमालयातून उतरणाऱ्या नद्या गाळाने भरलेल्या असतात. मैदानात वेग कमी झाला की गाळ खाली बसतो, तळ वर येतो आणि नदी बाजूला घसरते. कोशी गेल्या दोन-अडीच शतकांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकली, यावरून अंदाज यावा. गंडकी त्रिवेणीजवळ मैदानात उतरते, तिला नेपाळमध्ये नारायणी म्हणतात. सुस्ता गाव पूर्वी तिच्या पश्चिम काठावर होतं. नदी पश्चिमेला सरकत गेली आणि गाव पूर्व काठावर, बिहारच्या बाजूला येऊन पडलं. तिथल्या माणसांना आपल्याच देशाच्या तालुक्याला जायला वर्षानुवर्षं होडीने नदी ओलांडावी लागली. आंतरराष्ट्रीय व्यवहारात सर्वसाधारण रीत अशी, की नदी हळूहळू, मळई साचत-साचत सरकली तर सीमाही सरकते, पण एका पुरात झटक्याने पात्र बदललं तर सीमा जुन्या पात्रातच राहते. सुस्तात दोन्ही घडलं आहे. म्हणून जुनं पात्र कुठल्या सालचं धरायचं, हाच वाद आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उदाहरण कालापानी. महाकालीला वर काली म्हणतात. गुंजी गावाजवळ तिला दोन प्रवाह मिळतात. एक वायव्येकडून, लिंपियाधुराहून येणारी कुटी यांक्ती. दुसरा कालापानीच्या झऱ्यांकडून आणि लिपुलेख खिंडीच्या बाजूने येणारा लहान प्रवाह. नेपाळचं म्हणणं, कुटी यांक्ती लांबीने आणि पाण्याने मोठी, म्हणून तीच काली. त्याला आधार म्हणून 1827 आणि 1856 चे कंपनीचे नकाशे दाखवले जातात. भारताचं म्हणणं, स्थानिक लोक झऱ्यांपासूनच्या प्रवाहालाच काली म्हणत आले आणि महसुली कारभार कुमाऊंकडूनच चालला. 1817 मध्येच हा प्रश्न उठला होता. तेव्हा इंग्रजांनी कालीच्या पूर्वेची टिंकर आणि छांगरू ही गावं नेपाळला दिली, पण कुटी आणि नाबी नाकारली.

यात एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. भारताच्या नकाशातली रेषा कालापानीच्या जरा खाली नदी सोडते आणि पूर्वेकडच्या डोंगरधारेने वर जाते. म्हणजे तिथे नदीऐवजी पाणलोट हा निकष आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या नकाशांत हा बदल दिसतो आणि नेपाळचा आक्षेप त्यावरच आहे. दुसरीकडे, 1961 च्या नेपाळ-चीन तहात सीमेची सुरुवात काली आणि टिंकर या नद्यांमधला पाणलोट जिथे कर्णालीच्या उपनद्यांच्या पाणलोटाला मिळतो तिथून धरली आहे. हे वाक्य भारताच्या बाजूने मांडलं जातं. वादातलं क्षेत्र सुमारे 335 चौरस किलोमीटर. 8 मे 2020 रोजी भारताने लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन केलं. त्याच महिन्यात नेपाळने नवा नकाशा काढला आणि जूनमध्ये घटनादुरुस्ती करून तो राष्ट्रचिन्हात घेतला. नेपाळच्या नकाशाला वायव्येला टोकदार चोच दिसली तर तो 2020 नंतरचा नेपाळी नकाशा, ती नसेल तर जुना किंवा भारतीय. देशाचं क्षेत्रफळ 1,47,181 चौरस किलोमीटर लिहिलं असेल तर जुनं, 1,47,516 असेल तर नवं.

धरणांनी या गुंत्यात भर घातली. कोशीचा बांध भारत-नेपाळ कराराने 1954 मध्ये ठरला आणि 1962 मध्ये पुरा झाला. तो नेपाळच्या हद्दीत आहे, देखभाल मात्र बिहारकडे. 18 ऑगस्ट 2008 रोजी कुसहा इथे पूर्वेकडचा तटबंध फुटला. फुटला नेपाळमध्ये, बुडालं मुख्यतः बिहार, आणि दुरुस्तीच्या सामानाला सीमा ओलांडायची होती. महाकालीवरच्या टनकपूर इथे तर वाद 577 मीटर लांबीच्या एका तटबंधाचा होता. धरण भारतात, पण फुगवट्याचं पाणी अडवायला तो बांध नेपाळच्या 2.9 हेक्टर जमिनीवर टेकवावा लागला. त्यावरून काठमांडूत मोठं आंदोलन झालं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी 1996 मध्ये महाकालीचा नवा करार करावा लागला.

समुद्र नसलेल्या देशाचा माल

भूवेष्टित असण्याचा अर्थ रोजच्या व्यवहारात काय होतो, हे एका कंटेनरच्या मागे गेल्यावर कळतं. समजा काठमांडूच्या व्यापाऱ्याने परदेशातून यंत्र मागवलं. कंटेनर बहुधा कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलून कोलकात्याला उतरतो. मालवाहतुकीच्या पत्रावर शेवटचं ठिकाण कोलकाता लिहिलं आहे की नेपाळच्या सीमेवरचं बीरगंज, हे पहिलं पाहायचं. बीरगंज लिहिलं असेल तर तिथपर्यंतची जबाबदारी जहाज कंपनीची. कोलकाता असेल तर पुढची धावपळ व्यापाऱ्याची. भारतीय सीमाशुल्क खात्याकडे पारगमनाचं घोषणापत्र भरायचं, म्हणजे हा माल भारतात विकला जाणार नाही, नुसता ओलांडून जाणार. मग कंटेनरला सील. हल्ली इलेक्ट्रॉनिक सील लावतात, वाटेत ते उघडलं तर लगेच कळतं. रेल्वेने 704 किलोमीटर रक्सौलमार्गे बीरगंजच्या कोरड्या बंदरात, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर तळावर. तिथे नेपाळचं जकात काम. पुढे मोठे ट्रक जवळच्या हेटौंड्याच्या घाटातून सहसा जात नाहीत, नारायणघाट-मुग्लिंग असा लांबचा वळसा घेतात आणि पावसाळ्यात दरडींनी तो रस्ता वरचेवर बंद पडतो.

सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 125 व्या कलमाने भूवेष्टित देशांना समुद्रापर्यंत जाण्या-येण्याचा हक्क दिला आहे. पण अटी शेजाऱ्याशी कराराने ठरवायच्या, असंही तेच कलम म्हणतं. म्हणून सगळं द्विपक्षीय करारावर येऊन थांबतं. मार्च 1989 मध्ये व्यापार आणि पारगमनाचे करार संपले, नवे झाले नाहीत आणि व्यापाराच्या 21 नाक्यांपैकी फक्त दोन उघडी राहिली. 2015 च्या सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना लागू झाल्यावर तराईतल्या मधेशी लोकांचं आंदोलन पेटलं आणि पुढचे साधारण साडेचार महिने इंधन, औषधं, स्वयंपाकाचा गॅस अडकून पडला. नेपाळमध्ये त्याला नाकाबंदी म्हणतात. आंदोलकांनी रस्ते अडवल्यामुळे ट्रक थांबले, असं भारत सांगत आला. भूकंपाला जेमतेम सहा महिने झाले होते, डोंगरात लोक पत्र्याच्या खोपटांत होते आणि थंडी सुरू झाली होती. त्या हिवाळ्याची आठवण तिथल्या घराघरांत आहे. नेपाळशी बोलताना भारतीयांनी ती विसरू नये.

2016 मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार केला आणि पुढे चार चिनी बंदरं वापरायची मुभा मिळाली. पण त्यांतलं त्यानजिन 3,000 किलोमीटरहून दूर आहे आणि मधे रसुवागढीसारखी घळ. कोलकात्याशी त्याची बरोबरी होत नाही. जास्त उपयोगी ठरल्या त्या लहान गोष्टी. 10 सप्टेंबर 2019 रोजी मोतिहारी ते अमलेखगंज ही 69 किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली आणि टँकरच्या रांगांवरचं अवलंबन घटलं. विशाखापट्टणमचं बंदर नेपाळी मालासाठी खुलं झालं. 2023 च्या सुधारित करारात नदीमार्गाने माल नेण्याची तरतूद आली.

बीरगंजला माल उतरवून झाला की रिकामा कंटेनर परत पाठवायचा असतो. ठरलेल्या दिवसांच्या आत तो कोलकात्याला पोहोचला नाही तर प्रत्येक दिवसाचा दंड लागतो. नेपाळची आयात निर्यातीच्या अनेक पट आहे, म्हणून परतीचा कंटेनर बहुतेक वेळा रिकामाच जातो आणि त्या रिकाम्या फेरीचं भाडंही यंत्राच्या किमतीत चढतं.